जुरीचा वाटा

"हा कुणाचा?"

पोहनकर साहेबांनी वाकण्याची तसदी घेतली नाही. हातातल्या पेनानंच दाखवलं. गोटुलापुढच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घरापुढच्या अंगणात पळसाच्या पानांच्या रांगा मांडल्या होत्या आणि कोमटी पाटील उकिडवे बसून एकेका पानावर ओंजळीनं मीठ ठेवत सरकत होते. ट्रकमधून आधी मीठ उतरलं होतं, मीठ आधी वाटायचं, मग तांदूळ, तेल आणि बाकीचं. अख्खं गाव गोल करून बसलं होतं. तीन-चार महिन्यांनी मीठ पाहत होतं बिचारं.

"हा जी?" पाटलांनी मान वर केली. "जुरीचा आहे जी."

"जुरी कोण? कुठे आहे ती?"

पाटलांनी हनुवटीनं नाल्यापलीकडच्या जंगलाकडे दाखवलं आणि पुढच्या पानाकडे सरकले. त्यांच्या लेखी उत्तर देऊन झालं होतं.

पोहनकरांनी मात्र पेन खिशाला लावलं आणि ट्रककडे वळून हाक मारली, "थांबवा रे. काही उतरवू नका."

मी तेव्हा कोरमेट्ट्यात नर्स होते. कुडाच्या दोन खोल्या, एक लोखंडी कपाट आणि मी, एवढा आमच्या संस्थेचा दवाखाना. माझं माहेर वर्ध्याकडचं. या डोंगरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि माडिया बोली मला भांडण्याइतकी यायला लागली होती. भांडण्याचे प्रसंगही काही कमी नव्हते.

त्या वर्षी वैशाखापासूनच रस्ता बंद होता. जंगलातल्या बंदूकवाल्या दादा लोकांनी झाडं पाडून रस्ता अडवला आणि पूल उडवला. झाडं उचलली म्हणून दादा लोकांनी गावकऱ्यांना मारलं, उचलली नाहीत म्हणून फोर्सनं मारलं. बाजार भरायचा थांबला. मीठ संपलं, तेल संपलं, आणि श्रावणात माझ्या कपाटातल्या तापाच्या गोळ्या संपल्या. भाद्रपदात दोन लेकरं माझ्या मांडीवर गेली. हिवताप होता, साधा हिवताप. गोळी वेळेवर पोटात गेली असती तर आठवड्याभरात खेळायला लागली असती. ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

आणि मग एकदाचा तोडगा निघाला. तालुक्याच्या गावी विश्रामगृहात मध्यस्थ मंडळी बसली. निवृत्त प्राध्यापक होते, वकील होते, चांगली माणसं होती. दोन्ही बाजूंचे निरोप येत-जात राहिले. अख्खा पावसाळा ते बोलत होते. काय ठरलं? झाडं हटवून, पुलाखालून वाट काढून महिन्यातून एकदा मदतीचा ट्रक येईल, त्याच्यासोबत बंदूकवाला कुणी नसेल, आणि गावात हजर असलेल्या माणसांनाच माल मिळेल. पलीकडच्या खोऱ्यातली काही घरं खबऱ्यांची आहेत म्हणून दादा लोकांनी गाळायला लावली. जंगलात गेलेली माणसं सरकारनं गाळायला लावली. म्हणजे एवढे शहाणे लोक पावसाळाभर डोकं लावून बसले आणि ठरवून काय उठले, तर कुणाला उपाशी ठेवायचं!

कोरमेट्ट्याच्या वाट्याला आकडा आला एकसष्ट. आणि अंगणात पानं होती बासष्ट.

पोहनकर हे या मध्यस्थांच्या समितीनं नेमलेले मदत अधिकारी. माणूस आवाज न चढवणारा. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात कॅमेरा, आणि आदिवासी संस्कृतीवर कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेला. गावात शिरताना त्यांनी चपला काढल्या होत्या, हे मला आवडलंही होतं.

"सिस्टर, हे काय आहे?" त्यांनी मला बाजूला घेतलं. "जंगलात गेलेल्या मुलीला वाटा? माझ्यासमोर?"

"गेली नाही साहेब, नेली," मी म्हटलं. "चार वर्षांपूर्वी दादा लोकांनी दर गावाकडून एक पोर मागितलं. या गावातून हिला उचललं. पंधरा वर्षांची होती. आईची एकुलती एक, बाप आधीच वारलेला."

"बरं, नेली. पण वाटा का?"

मग मी त्यांना गावाची रीत सांगितली. कोरमेट्ट्यात वाटा घराला नसतो, माणसाला असतो. शिकार असो, मीठ असो, सरकारी चादर असो, सगळं अंगणात येतं आणि पानांवर मांडलं जातं. आज सकाळी जन्मलेल्या लेकराला आज दुपारी वाटा. मिरची तोडायला परमुलखात गेलेल्यालाही वाटा. माणूस मेला की नाल्याच्या वाटेवर त्याच्या नावानं दगड उभा करतात आणि त्या दिवशी त्याचं पान बंद होतं. दगड नाही तोवर माणूस आहे, आणि माणूस आहे तोवर पान आहे.

"म्हणजे माल जंगलात पोचतो," पोहनकर म्हणाले.

"चला, दाखवते माल कुठं पोचतो ते."

पोच्चेचं घर गोटुलामागेच होतं. पोच्चे म्हणजे जुरीची आई. वाळकी, उंच, चेहऱ्यावर गोंदण, कमरेला कायम विळा. मी तिला माडियात सांगितलं, की साहेबांना जुरीची टोपली दाखव. ती काही न विचारता माळ्यावर चढली आणि एक मोठी बांबूची टोपली खाली घेऊन आली. तिच्यात दोन लुगडी होती, निंबाचा पाला घालून घडी केलेली. साबणाच्या वड्या वाळून तडकलेल्या. एका मडक्यात मीठ, त्याचा पार खडा झालेला. आणि रबरी चपलांचे जोड. आमची संस्था दर साली चपला वाटायची आणि पोच्चे दर साली जुरीसाठी एक नंबर मोठी मागून घ्यायची. पोरीचे पाय वाढले असतील ना.

"तांदूळ टिकत नाही म्हणून ती खाते आणि नवं पीक आलं की तेवढा परत भरून ठेवते," मी म्हटलं. "शिकारीचा वाटा तिच्या नावानं खाते. बाकी सगळं हे इथे आहे. यातला एक दाणा जंगलात गेला असेल तर माझं नाव बदला."

पोहनकरांनी टोपी काढली. एक चप्पल हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली आणि हळूच परत ठेवली. मला वाटलं, सुटलो. माणूस आहे हा.

"मला पटतंय हो सिस्टर," ते बाहेर येऊन म्हणाले. "मनापासून पटतंय. पण माझ्या पटण्याला कोण विचारतो? बैठकीत एकसष्ट ठरलंय. मी बासष्ट वाटे होऊ दिले तर उद्या दादा लोक म्हणतील, सरकारनं आमच्या माणसाला वाटा मान्य केला. परवा आमचेच लोक विचारतील, काय पोहनकर, बंदूकवालीला मीठ घातलंत म्हणे. एका पानापायी बेचाळीस गावांचा करार मोडू का मी?"

"मग एकसष्ट माणसांचा माल द्या आणि निघा. गाव आपसात त्याचे बासष्ट करो नाहीतर शंभर."

"तसं चालत नाही. गाव वाटा देतं म्हणजे गाव तिला आपलं मानतं. मुद्दा तोच आहे."

"आपलं नाही तर काय परकं मानायचं? पोटची पोर आहे!"

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. ते विचार करत होते. आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला धास्तीच वाटली.

"दगड उभारला की वाटा बंद होतो म्हणालात ना? मग उभारू की दगड! त्यांच्याच रीतीनं. जबरदस्ती नाही, कुणाच्या भावना दुखावणं नाही. नाव कमी होईल, आकडा जुळेल, ट्रक रिकामा होईल."

"साहेब, पोरगी जिवंत आहे."

"नक्की माहीत आहे तुम्हाला? चार वर्षांत काही बातमी?"

"मेल्याची तरी बातमी आहे का?"

"आणि दगडानं कुणी मरतं का सिस्टर? प्रतीकात्मक आहे हो ते."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. का?"

"तिच्या फोटोला हार घालून भिंतीवर लावा आज घरी गेल्यावर. प्रतीकात्मक."

त्यांचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढला नाही. तो त्यांचा कधीच चढायचा नाही, हेच वाईट. "ट्रक तीन वाजता परत निघेल," ते म्हणाले. "अंधाराच्या आत फाट्यावर पोचायचं अशी अट आहे. तुमच्या गोळ्यांची पेटीही ट्रकमध्येच आहे. तुम्हीच सांगा गावाला, मला त्यांची भाषा येत नाही."

मी सांगणार नाही म्हटलं. पाटलांना थोडी मराठी यायची, तेव्हा त्यांनी सोप्या शब्दांत स्वतःच पाटलांना सांगितलं, आणि पाटलांना ते बरोबर कळलं.

"जित्या पोरीचा दगड कसा उभा करावं सायेब?" पाटील एवढंच म्हणाले.

"तिला काही होत नाही पाटील. फक्त कागदासाठी."

"कागदाले दगड कायले लागते जी?"

पोहनकरांनी घड्याळ पाहिलं.

पाटलांनी गावाला सांगितलं. मग एक म्हातारा म्हणाला, असं कधी झालं नाही. दुसरा म्हणाला, मिठाशिवाय राहणं तरी कधी झालं होतं का. एकाचे दोन झाले, आवाज वाढले. पोच्चे आपल्या जागी बसून होती. तिच्या समोरच पाटलांची सून वत्ते बसली होती. मांडीवर वर्षाचं लेकरू, तापानं फणफणलेलं, डोळेही उघडत नव्हतं. वत्तेनं एकदा पोच्चेकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

पोच्चे उठली. लुगडं खोचलं.

"दगड मी निवडीन," ती म्हणाली.

मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडायचं हेही माहीत होतं. पण वत्तेचं पोर समोर होतं आणि गोळ्या ट्रकमध्ये.

नाल्याच्या काठावरून तिनं दगड निवडला, तिच्या छातीइतका उंच. गड्यांनी दोर बांधले, ओंडके घातले आणि दगड वाटेपर्यंत ओढत नेला. पोहनकरांनीही दोराला हात लावला, बाह्या सरसावून. ड्रायव्हरनं त्यांचा फोटो काढला. जुन्या दगडांच्या रांगेच्या टोकाला, जिथे जंगलातली पायवाट गावात शिरते, तिथे खड्डा खणला आणि दगड उभा केला. माती दाबली.

रीतीप्रमाणे पाटलांनी दगडावर हात ठेवून विचारलं, "कोण गेलं?"

याचं उत्तर घरच्या माणसानं द्यायचं असतं.

"पोच्चे," पोच्चे म्हणाली.

पाटलांचा हात दगडावरच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं गळ्यातली पांढऱ्या-लाल मण्यांची माळ काढून दगडाला घातली. कमरेचा विळा काढून पायथ्याशी ठेवला. मेलेल्याच्या नेहमीच्या वस्तू अशाच ठेवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळतं दगड कुणाचा ते.

"कोण गेलं?" पाटलांनी पुन्हा विचारलं.

"पोच्चे गेली. पोच्चेचं पान बंद करा. जुरीचं चालू आहे."

पाटलांनी मग सगळ्यांच्या वतीनं म्हटलं, "पोच्चे गेली."

"काय म्हणाले?" मागे ड्रायव्हरबरोबर फोटो बघत उभ्या असलेल्या पोहनकरांनी मला विचारलं.

"नाव घेतलं," मी म्हटलं. "झालं. एक माणूस कमी झालं."

"बघा!" पोहनकर हात झाडत म्हणाले. "किती सुंदर पद्धत आहे यांची."

पानं नव्यानं मांडली. पोहनकरांनी पेनानं मोजली, एकसष्ट भरली. वत्तेला, तिच्या पोराला, म्हाताऱ्यांना, जुरीला. मीठ, तांदूळ, तेल, साबण, मच्छरदाणी. पोच्चे रांगेत नव्हती. ती गोलाच्या बाहेर एका मोहाखाली उभी होती.

"त्या आजी का घेत नाहीत?" पोहनकरांनी विचारलं. "आई ना त्या? वाईट वाटलं असेल. समजू शकतो मी."

मी दात आवळून गप्प होते. गोळ्यांची पेटी उतरली, तिच्यावर माझा हात पडला, ट्रकचा आवाज वळणाआड गेला, तेव्हा कुठे मी तोंड उघडलं आणि मला येत होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. मराठीत दिल्या. माडियात शिव्या कमी आहेत.

वत्तेचं पोर वाचलं. गोळ्यांनी अजून बऱ्याच जणांचे ताप उतरवले. हे खरं आहे आणि ते लपवून मला सांगायचं नाही. पण त्या पोराच्या गोळीची किंमत एका आईनं का द्यायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता पोच्चे मेली होती. घरात राहायची, भात कांडायची, लाकडं आणायची, लोक तिच्याशी बोलायचेही. पण पान नाही. चार दिवसांनी तिला हुडहुडी भरली. मी गोळ्या घेऊन गेले.

"माझा वाटा नाही," ती म्हणाली.

"ही वाट्यातली नाही. माझी आहे."

"तुझी तुला. तू आजारी पडलीस तर आम्ही कुणाकडे जायचं?"

मी रागावले, हात जोडले, धमक्या दिल्या. बाई ढिम्म. तिचं म्हणणं सरळ होतं. तिनं एक गोळी खाल्ली की जुरीची एक कमी होणार. साहेबानं हिशेब तसाच शिकवला होता.

मी तणतणत पाटलांकडे गेले. पाटलांनी चिलीम खाली ठेवली, थोडा विचार केला आणि त्या गोळ्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

"मेलेल्या माणसाला आम्ही खायला घालतो," ते म्हणाले. "नवं पीक येईपर्यंत दगडापाशी ठेवतो. ठेवावंच लागतं. ते वाट्यात धरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोच्चेच्या दगडापुढे पानावर भात होता, वर भाजी होती आणि भाताच्या टोकावर दोन गोळ्या. एरवी मेलेल्यासाठी घासभर ठेवायचे. इथे घराघरातून पानं यायला लागली. पोच्चे जायची, आपल्या दगडापुढे बसायची आणि जेवायची. एकानं तर मच्छरदाणी आणून दगडावरच पांघरली. ती घरी घेऊन जाताना पोच्चे मला म्हणाली, "जिवंत होते तेव्हा एवढं नव्हतं मिळत गं." आणि तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. मीही हसले, आणि मला वाटलं, या गावापुढे तुमच्या विश्रामगृहाची काय पत्रास.

दुसरा ट्रक आलाच नाही. पुढच्या बैठकीत निवेदनावर आधी सही कुणी करायची यावरून बिनसलं म्हणे. कुणी मेलं नाही, कुणी मारलं नाही, नुसती सही आधी की नंतर! बेचाळीस गावांचा करार त्यावर मोडला. ज्या आकड्यासाठी पोच्चेला मरावं लागलं तो आकडा महिनाभरसुद्धा कुणाला लागला नाही. जंगलात पुन्हा बंदुका वाजायला लागल्या.

मार्गशीर्षात धान कापायला आलं होतं. सकाळची वेळ. मी दवाखान्यापुढे पाणी तापवत होते. तेवढ्यात वत्ते धावत येताना दिसली, डोक्यावर घागर नाही, पदर मातीत लोळतोय.

"जुरी!" ती ओरडत होती. "जुरी आली होती!"

वत्ते नाल्यावर पाण्याला गेली होती. पलीकडून तिला दिसलं, पोच्चेच्या दगडापाशी एक मुलगी गुडघे टेकून बसली आहे. अंगात हिरवा गणवेश नाही, साधं लुगडं. केस मानेवर कापलेले. जवळ बंदूक नाही. तिनं दगडावरची माळ हातात धरली होती आणि कपाळ दगडाला लावलं होतं. पुढ्यात त्या दिवशीचं ताजं पान होतं, भाताचं. वत्तेनं तिला ओळखलं आणि हाक मारली. वत्तेचं माहेर याच गावातलं, लहानपणी बरोबर खेळलेल्या त्या. मुलीनं दचकून वर पाहिलं, कुणीतरी आलं एवढंच तिला दिसलं असेल, आणि ती पायवाटेनं जंगलात पळाली. वत्ते नाला ओलांडून येईतो झाडांत दिसेनाशी झाली.

दगडाच्या पायथ्याशी एक लहानसा दगड टेकवलेला होता. मरणाला पोचू न शकलेलं घरचं माणूस उशिरा येतं तेव्हा असा दगड टेकवतं. गावातलं प्रत्येक माणूस पोच्चेला रोज बघत होतं. तो दगड ठेवायला दुसरं कोण येणार होतं?

पोच्चे भात कांडत होती. तिनं मुसळ टाकलं आणि धावली. पायवाटेनं, झुडपांतून, काटे बघेना की खळगे. "जुरी! मी आहे! मी आहे गं, मेले नाही!" आम्ही सगळे तिच्या मागे. गावातले पुरुष चहूकडे पांगले, हाका मारत. पण हाका ऐकून पळणं हेच त्या पोरीला चार वर्षं शिकवलेलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत पोच्चे ओरडत होती. मग तिचा आवाज बसला आणि तोंड नुसतं उघडमिट होत राहिलं. आम्ही तिला धरून परत आणलं.

नंतर पलीकडच्या खोऱ्यातल्या तिच्या मामाकडून कळलं. जुरी दादा लोकांचं दलम, त्यांची तुकडी, सोडून पळाली होती. दोन दिवस मामाकडे लपली. आईला घेऊन मिरचीच्या मुलखात निघून जायचं, तिकडे कुणी ओळखत नाही, असा तिचा बेत होता. मामाला कोरमेट्ट्यातलं काहीच माहीत नव्हतं, रस्ता बंद. त्यानं तिला खुशाल पाठवलं. परत ती त्याच्याकडे आली नाही. कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.

मी चालत फाट्यावर गेले, तिथून तालुक्याला. पोहनकर कचेरीत होते. चहा मागवला त्यांनी. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं, दगड कुणाचा होता तिथपासून. ते ऐकत होते. कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"एक मिनिट," ते म्हणाले. "म्हणजे त्या दिवशी एकसष्टात ती मुलगी धरलेली होती?"

"होय."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"सिस्टर, ही फसवणूक आहे. समितीची शुद्ध फसवणूक."

मला वाटलं, अजून काहीतरी बोलतील. आईबद्दल विचारतील. ते टेबलावरचा कागदाचा गठ्ठा सारखा करत होते.

"पोरगी आईसाठी बंदूक टाकून आली होती," मी म्हटलं. "तुमच्या सगळ्या बैठकांनी एक तरी बंदूक खाली ठेववली का? तिनं ठेवली होती. ती घरी येत होती साहेब, आणि तुमचा दगड वाटेत उभा होता."

"माझा दगड? दगड त्यांनी उभारला. त्यांची रीत आहे ती. आम्ही त्यात कधी हस्तक्षेप केलेला नाही."

मी तो चहा त्यांच्या टेबलावर ओतला. कागदांवर. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

गावात परतले तर दगडापाशी माणसं जमली होती. पाटलांनी पहारी मागवल्या होत्या. कोरमेट्ट्यात उभा केलेला दगड आजवर कुणी पाडला नव्हता. मेलेला माणूस परत आणायची रीतच नव्हती. पण पाटील म्हणाले, "जित्या पोरीचा दगड मागणारे शहाणे, तर आम्ही दगड पाडला म्हणून काय बिघडलं? पाडा."

गड्यांनी पहारी उचलल्या. तेव्हा गर्दीतून पोच्चे पुढे आली. आवाज अजून फुटत नव्हता, घोगरा झाला होता.

"पाडू नका," ती म्हणाली.

"अगं, तुझं पान परत चालू करतो," पाटील म्हणाले.

"पान नको. पाडू नका. ती आता घरी येणार नाही. घरी तिचं कोण आहे? आलीच तर इथे येईल, दगडाला भेटायला."

गड्यांनी पहारी खाली ठेवल्या. पोच्चे दगडाला पाठ लावून बसली, जंगलातली पायवाट समोर ठेवून. डोक्यावरचा पदर मागे सारला, चेहरा उघडा केला, आणि मान वळवून आम्हाला विचारलं,

"लांबून दिसते ना मी?"